नवीन राइड आली की पार्कातली गर्दी कुठं जाते?

राजारामपुरीकर: दिवाळीत भावाकडं ऑरलँडोला निघालोय. तिथल्या युनिव्हर्सल थीम पार्कांमध्ये गर्दी नवीन राइडला तुंबते की सगळीकडं पांगते?

रंकाळाकाठ: आधी तुंबतेच की! 2010 ला हॅरी पॉटरचं गाव उभारलं, त्यात ‘लॉस्ट कॉन्टिनेंट’ या पार्कातल्या जुन्या भागाचा मोठा तुकडा गेला. तिथली ड्रॅगनची जुनी जोडराइड (दोन रोलर कोस्टरची जोडी) तीच, नुसतं नाव बदललं. मला तरी ते ठिगळच वाटतं. ती पाडून 2019 ला पॉटरच्या गोष्टीतल्या हॅग्रिडची राइड काढली, तर पहिल्या दिवशी रांग दहा तासांची! गर्दी पांगवायला 2014 ला मात्र डोकं चालवलंय, नाद खुळा: पॉटरचा दुसरा भाग शेजारच्या पार्कात, मधे रेल्वे. रेल्वेला तिकीट दोन्ही पार्कांचं लागतं, म्हणजे धंदा बी झाला.

शाहूपुरी: 2025 ला एपिक युनिव्हर्स हे युनिव्हर्सलचं नवीन पार्क उघडलंय, पॉटरचा तिसरा भाग तिथं. ते लांब हाय, वेगळा दिवस काढ.

राजारामपुरीकर: रेल्वेचं तिकीट भावाच्या गळ्यात घालतो.