मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून पाड्यावरचं वायफाय बंद पडतंय

डोंगरवाट
तातडीने मदत हवी आहे. आमचा पाडा जव्हार तालुक्यात, ३४ घरं. सगळ्यांनी वर्गणी काढून एप्रिलमध्ये वायफाय बसवलं. खालच्या गावात मित्राच्या दुकानात फायबर आहे, तिथून डिशने शाळेच्या टाकीवर घेतलंय. दोन महिने झकास चाललं, जूनच्या मध्यापासून साधं पान उघडत नाही. अकरावीच्या प्रवेशाची फेरी चालू आहे, पाच मुलांचे पसंतीक्रम भरायचे राहिलेत. बसवणारा फोन उचलत नाही. काय करू?

लाइनमन७२
आधी केबल बघा. बहुतेक वेळा पाणीच शिरलेलं असतं. डिशखाली केबलला झोळ सोडलाय का? नसेल तर पाणी केबलच्या अंगाने सरळ जॅकमध्ये उतरतं. पिना हिरव्या पडल्यात का ते सांगा.

सह्यवारा
अंतर किती? फ्रिक्वेन्सी कुठली? सिग्नल किती दिसतो? एका डिशपाशी उभं राहून दुसरी दिसते का? एवढं सांगितल्याशिवाय काहीच कळणार नाही.

डोंगरवाट
५ गिगाहर्ट्झ. समोरासमोरच आहे. अंतर मोजलेलं नाही. केबल काढून बघितली, पिना स्वच्छ आहेत.

फायबरप्रेमी
हवेतून नेट म्हणजे पावसाळ्यात रडणं ठरलेलं. भारतनेटची (ग्रामपंचायतींना इंटरनेट देणारी सरकारी योजना) फायबर पंचायतीपर्यंत आली असेल, तिथून ओढून घ्या.

डोंगरवाट
पंचायत ४ किमी लांब, मध्ये ओढा आणि वनजमीन. या आठवड्यात कसं होणार दादा?

नियमबोल
एक महत्त्वाचं. घरगुती कनेक्शन असं ३४ घरांत वाटणं त्याच्या अटींत बसत नाही. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली, त्यात दुकानदार पीडीओ, म्हणजे लोकांना वायफाय देणारं केंद्र, होऊ शकतो. त्याला परवाना किंवा नोंदणी लागत नाही, फक्त एखाद्या पीडीओएशी, म्हणजे अशी अनेक केंद्रं सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यावं लागतं. मित्राला हे करायला लावा.

डोंगरवाट
करतो, पण आधी मुलांचे फॉर्म.

लाइनमन७२
केबल ठीक असेल तर पाऊस सिग्नल खातोय. चॅनल बदला.

सह्यवारा
लाइनमन, ५ गिगाहर्ट्झला दोन-चार किमीवर मुसळधार पावसातही एखाद-दोन डेसिबलच जातात. तेवढ्याने नेट बंद पडत नाही. डोंगरवाट, उघडीप असते तेव्हा चालतं का?

डोंगरवाट
नाही, उन्हातही तसंच. नकाशावर अंतर ३.२ किमी आलं. एप्रिलच्या फोटोत सिग्नल -५८ आहे, आत्ता -७९, म्हणजे बराच कमजोर (उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी).

मोहाचीसावली
मध्ये झाडं आहेत का? कुठली?

डोंगरवाट
पाड्यापासून अर्ध्या किमीवर टेपाड आहे, त्यावर साग. पण बसवताना आरपार दिसत होतं, समोरची डिश मी स्वतः पाहिली होती.

मोहाचीसावली
भाऊ, एप्रिलमध्ये साग बोडका असतो! आमच्याकडे होळीच्या आधीच पानगळ होते. जूनमध्ये पालवी येते आणि बघता बघता पानं ताटाएवढी होतात. आज टाकीवर चढून बघा, दुकान दिसतं का.

डोंगरवाट
आत्ताच चढलो. दुकान दिसत नाही. नुसता हिरवा पडदा.

सह्यवारा
सापडलं. नुसतं डोळ्यांना दिसून भागत नाही, लहरींना रेषेभोवतीही मोकळी जागा लागते. तुमच्या टेपाडापाशी त्या पट्ट्याची त्रिज्या साधारण ५ मीटर येते, त्यातली निदान ६० टक्के मोकळी हवी. पानांत पाणी असतं, ते सिग्नल शोषतं. टेपाड पाड्याच्या बाजूला आहे हे बरं झालं. पाड्याकडची डिश २० फूट उचलली की तिथली रेषा १६ फुटांच्या वर चढेल.

फायबरप्रेमी
दोन-तीन झाडं तोडा, प्रश्न मिटला.

मोहाचीसावली
साग मालकीच्या जागेत असला तरी परवानगी लागते. आणि ते झाड म्हणजे कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची तजवीज असते. असे सल्ले देऊ नका.

अवकाश_न
पालघरमध्येच आयआयटी मुंबईने टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून गावांना नेट देऊन पाहिलं होतं. कमी फ्रिक्वेन्सी झाडांतून बरी जाते. ते का वापरत नाही?

सह्यवारा
तो पट्टा ५ गिगाहर्ट्झसारखा परवानामुक्त नाही. त्यांनी प्रयोगासाठी घेतला होता, पाड्याला मिळणार नाही.

कोथरूडकर
माझ्या मागच्या खोलीत वायफाय येत नाही. मधली भिंत नऊ इंची आहे. मीही डिश बसवू का?

सह्यवारा
तुम्हाला दुसरा राउटर पुरेल. कृपया वेगळा धागा काढा.

डोंगरवाट
काल दुपारी दोन बांबू जोडून डिश वर बांधली, चौघांनी खालून धरून ठेवली. सिग्नल -६४! तीन मुलांचे फॉर्म गेले, मग वारा सुटला आणि उतरवावी लागली. उरलेल्या दोघींचे आज भरतो. आता कायमचा खांब कसा उभारू?

लाइनमन७२
पावसाबद्दल माझं चुकलं. खांबाचं मात्र आयुष्यभर केलंय, ऐका. दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, दोन उंचीवर तीन-तीन ताण, म्हणजे खांब ओढून धरणाऱ्या तारा. ताण टाकीच्या कठड्याला बांधू नका, जमिनीत खुंट्या ठोका. पाइपाला अर्थिंग आधी, डिश नंतर. पाड्यावर सगळ्यात उंच वस्तू तीच होणार आहे आणि वीज तिथेच येते. ढग गडगडत असतील तर आज कुणालाही बांबू धरू देऊ नका, फॉर्म उद्या भरा.