मदत हवी आहे: एनबीएत ड्राफ्ट पिक रोख पैशाला विकतात, त्याचे नियम काय?

मुठेकाठचा:
जाणकारांनो, एक भांडण मिटवायचंय. आम्ही कॉलेजचे जुने मित्र मिळून एक कागदी बास्केटबॉल लीग चालवतो. खेळाडू एनबीएचे खरे, संघ आमचे खोटे, आणि दर जूनमध्ये आमचा ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे; त्यातली निवडीची एक पाळी म्हणजे पिक. आतापर्यंत पिकच्या बदल्यात पिक नाहीतर खेळाडू, एवढंच चालायचं. यंदा एकाने सेकंड राउंडचं (दुसऱ्या फेरीचं) पिक चक्क पैसे घेऊन विकलं आणि ग्रुपवर रणकंदन माजलं. विकणारा म्हणतो, एनबीएत हे सर्रास चालतं. बाकीचे म्हणतात, मग ज्याचा पगार मोठा तोच जिंकणार. नियमावली लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय.

मला माहीत आहे ते इतकंच: २०१७ च्या ड्राफ्टला गोल्डन स्टेट संघाने शिकागोला ३५ लाख डॉलर दिले आणि ३८वं पिक घेऊन जॉर्डन बेलला आणलं. आदल्या वर्षी मिलवॉकीला २४ लाख देऊन त्यांनी ३८वंच पिक घेतलं होतं, त्यात पॅट्रिक मकॉ आला. आता कोडं असं की एनबीएची सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) एवढी कडक, मग हे पैसे त्यात धरतात का? धरत नसतील तर गडगंज मालक सगळीच पिक्स का उचलत नाहीत? आणि विकणाऱ्याच्या हाती नेमकं काय लागतं?

यूट्यूबवर ट्रेडचे (संघांमधल्या अदलाबदलीचे) व्हिडिओ ढीगभर आहेत, पण 'कॅश कन्सिडरेशन्स' (रोख मोबदला) म्हणून सगळे पुढे सरकतात. कोणी नीट सांगेल का?

हिशेबनीस:
कॅपमध्ये धरत नाहीत. ट्रेडमध्ये दिलेली रोख रक्कम म्हणजे खेळाडूचा पगार नव्हे, त्यामुळे ती ना सॅलरी कॅपला लागते ना लक्झरी टॅक्सला (पगार ठराविक रेषेपलीकडे गेला की संघाने लीगला भरायचा दंड).

सगळी पिक्स उचलता येत नाहीत, कारण रोखीवर वेगळी मर्यादा आहे. पूर्वी ती प्रत्येक ट्रेडला ३० लाख डॉलर होती, म्हणजे वर्षात कितीही वेळा. लीग आणि खेळाडूंच्या २०११ च्या करारात ती वर्षाची झाली. देण्याची मर्यादा वेगळी, घेण्याची वेगळी. घेतलेले पैसे दिलेल्यातून वजा करून पुन्हा खर्च करता येत नाहीत. २०१६-१७ ला मर्यादा होती ३५ लाख. आता बेलची किंमत परत बघा. गोल्डन स्टेटने घासाघीस केलीच नाही, वर्षाचा सगळा कोटा एका पिकवर ओतला. सध्या मर्यादा सॅलरी कॅपच्या ५.१५ टक्के आहे. २०२५-२६ ची कॅप साधारण १५.४६ कोटी डॉलर, म्हणजे रोख जवळपास ७९.६ लाखांपर्यंत.

एक बारकावा. एनबीएचं हिशेबाचं वर्ष जूनअखेर संपतं आणि ड्राफ्ट जूनच्या शेवटी असतो. उरलेला कोटा तेव्हा वापरला नाही तर वाया जातो. ड्राफ्टच्या रात्री सेकंड राउंडमध्ये अचानक पैसे फिरायला लागतात त्याचं हे एक कारण.

सनीव्हेलकर:
वॉरियर्सच्या, म्हणजे गोल्डन स्टेटच्या, बाजूने थोडं. त्या काळात ते लक्झरी टॅक्स भरणारे होते. टॅक्स भरणाऱ्या संघाला पगारात वाढलेला प्रत्येक डॉलर कित्येक पटींनी महाग पडतो. सेकंड राउंडचा नवखा पोरगा मात्र किमान पगारावर येतो, २०१७-१८ ला तो सव्वाआठ लाख डॉलरच्या आत होता. म्हणून पिकसाठी एकदाच बाहेरून ३५ लाख मोजणं त्यांना परवडलं, त्यावर टॅक्सच नाही. मकॉ २०१७ आणि २०१८ च्या विजेत्या संघात होता, बेल २०१८ च्या.

पण ही पळवाट आता बरीच बुजवलीय. २०२३ च्या करारानंतर जो संघ 'सेकंड एप्रन' या पगाराच्या सर्वात वरच्या रेषेपलीकडे आहे (२०२५-२६ ला ती रेषा साधारण २०.८ कोटी डॉलर), त्याला ट्रेडमध्ये रोख देताच येत नाही. म्हणजे ज्याला सर्वात जास्त गरज, त्याचंच पाकीट काढून घेतलं. लीगने उशिरा केलं, पण बरं केलं.

मुठेकाठचा:
धन्यवाद दोघांना! आयपीएलमध्ये हार्दिक पांड्याला मुंबईने गुजरातकडून रोखीत परत आणलं तसंच झालं की हे: ट्रान्सफरचे पैसे पर्सच्या बाहेर, पगार पर्सच्या आत. पण शिकागोचं अजून कळलं नाही. त्यांनी ३५ लाखांचं केलं काय?

जुना_पॉइंटगार्ड:
बास्केटबॉलच्या दृष्टीने काहीच नाही, आणि तुमच्या भांडणाची खरी मेख तिथेच आहे. पिक देऊन पिक घेतलं तर संघाकडे काहीतरी उरतं. रोख घेतली तर ती संघाच्या कॅपमध्ये एक डॉलरही जागा वाढवत नाही. ती मालकाच्या जमाखात्यात जाते. मालकाने मोठं मन करून सराव केंद्रावर खर्च केली तर ठीक, पण तसं बंधन नाही. शिकागोने तर त्याच रात्री आपला मोठा खेळाडू जिमी बटलरला मिनेसोटाला देऊन नव्याने संघ बांधायला घेतला होता. पायाच खणताय आणि विटा विकताय? चाहते भडकले नसते तरच नवल.

याहून वाईट गोष्ट फिनिक्सची. २००४ मध्ये सातवं पिक, म्हणजे लुओल डेंग, शिकागोलाच दिला. बदल्यात ३१वं पिक, पुढचं एक फर्स्ट राउंड पिक आणि ३० लाख डॉलर. (हो, तेव्हा शिकागो घेणाऱ्यांत होतं.) २००६ ला २७वा सर्जिओ रॉड्रिगेझ पोर्टलंडला ३० लाखांना. त्याच ड्राफ्टात २१वा राजॉन राँडो बॉस्टनला दिला आणि क्लीव्हलंडचं २००७ चं पिक घेतलं. त्या पिकवर रुडी फर्नांडेझ निवडला आणि जेम्स जोन्ससकट पोर्टलंडला पाठवला, पुन्हा ३० लाखांना. साखळी लक्षात आली का? राँडो गेला आणि शेवटी हातात नोटा उरल्या. फिनिक्सचा स्टीव्ह नॅश सलग दोन वर्षं एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) ठरला तो हाच काळ. त्याच्याजोडीला स्वस्त, तरुण पोरं हवी असताना संघ ती विकत होता. राँडो २००८ ला बॉस्टनकडून चॅम्पियन झाला. नॅशला अंतिम फेरीसुद्धा दिसली नाही. मी फिनिक्सवाला आहे, त्यामुळे सूर चढला असेल तर चालवून घ्या.

मुठेकाठचा:
बाप रे. म्हणजे फर्स्ट राउंडचंही विकता येतं? त्यावर काही आडकाठी नाही?

हिशेबनीस:
स्टेपियन रूल आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी फर्स्ट राउंड पिक्स इतकी उधळली की लीगने नियमच केला: पुढच्या सलग दोन वर्षांत फर्स्ट राउंड पिकशिवाय राहता येणार नाही. पण हा नियम येणाऱ्या ड्राफ्टला लागतो. खेळाडू निवडून झाला की त्याचे हक्क त्याच रात्री विकायला मोकळीक. २०१३ ला डेन्व्हरने २७व्या क्रमांकावर रुडी गोबेर निवडला आणि युटाला दिला, बदल्यात ४६वा एरिक ग्रीन आणि ३० लाख डॉलर. गोबेर पुढे चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

कट्ट्यावरची:
सगळे विकणाऱ्यांवर तुटून पडलेत म्हणून उलट बाजू मांडते. गोबेर, राँडो ही नावं आपल्याला आठवतात कारण ती चालली. सेकंड राउंडचे बरेच जण एनबीएत टिकतच नाहीत. खुद्द बेलही पुढे फार काळ टिकला नाही. योकिच ४१वा होता, ब्रन्सन ३३वा, आणि दोघे पुढे तारे झाले, मान्य. पण त्यांच्या मागेपुढे निवडलेल्यांची नावं न बघता सांगा पाहू. संघात जागा पंधराच. जागा नसेल तर पिक विकण्यात पाप काय?

मुठेकाठचा, तुमच्या लीगसाठी सुचवते: रोख खिशात जाऊच देऊ नका. प्रत्येकाला वर्षाचे सारखे कागदी पैसे द्या, देण्याची मर्यादा ठेवा, आणि आलेले पैसे फक्त पुढच्या लिलावात वापरता येतील असं करा. मग विकणाऱ्यालाही संघासाठी काहीतरी मिळतं.

जुना_पॉइंटगार्ड:
जागा नसेल तर पुढच्या वर्षीचं सेकंड राउंड पिक मागा ना! ते तरी संघाकडे राहतं. बाकी कागदी पैशांची कल्पना झकास.

मुठेकाठचा:
कट्ट्यावरची, तुमचा नियम तसाच्या तसा उचलतोय. फर्स्ट राउंड विकायला बंदी, सेकंड राउंडला कागदी पैसे, मर्यादा कॅपच्या ५ टक्के. यंदाचा व्यवहार रद्द करायचा का, यावर आज रात्री मतदान. विकणाऱ्याने आलेल्या पैशांत ग्रुपला मिसळ खिलवलीय, त्यामुळे निकाल काय लागेल सांगता येत नाही. एक राहिलं: न वापरलेला कागदी कोटा पुढच्या वर्षी न्यायचा की बुडवायचा?

हिशेबनीस:
बुडवा. नाहीतर एक जण तीन वर्षं दाबून बसेल आणि चौथ्या वर्षी सगळा ड्राफ्ट घेऊन जाईल.