पुरुषांच्या आरोग्यासाठी देशाचं वेगळं धोरण हवं का? नाशिककरांनो बोला

सातपूर_सेकंड_शिफ्ट
मंडळी, आमच्या कंपनीत मध्यंतरी हेल्थ कॅम्प झाला. लाइनवरची चाळिशीच्या आतली पोरं, बीपीचा वरचा आकडा १७०-१८०, आणि विचारलं तर बहुतेकांनी आयुष्यात कधी बीपी तपासलेलंच नाही. "मला काय धाड भरलीय" हे ठरलेलं उत्तर. मग मी जरा वाचायला लागलो तर कळलं की आयर्लंडने २००८ लाच पुरुषांच्या आरोग्याचं राष्ट्रीय धोरण केलंय, जगात पहिलं, मग ब्राझील २००९, ऑस्ट्रेलिया २०१०, आणि इंग्लंडने आत्ता २०२५ च्या नोव्हेंबरात. आपल्याकडे माता, बालक, किशोरवयीन, ज्येष्ठ सगळ्यांचे कार्यक्रम आहेत पण मधला कमावता बाप्या कुठंच नाही. २०१६-२० च्या सरकारी आकड्यांत पुरुषांचं सरासरी आयुर्मान ६८.६ आणि बायकांचं ७१.४ वर्षं आहे. तर असं धोरण आलं तर खरंच फरक पडेल की नुसता अजून एक कागद? आणि मागायचंच तर नेमकं काय मागायचं?

इंदिरानगरची_मी
आधी सरळ विचारते, हे महिला आयोगासारखा पुरुषांचाही राष्ट्रीय आयोग हवा म्हणणाऱ्यांचंच नवीन रूप नाही ना? त्या पुरुष आयोगाची याचिका २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकून घ्यायलाही नकार दिला होता. आणि बायकांसाठी एवढे कार्यक्रम म्हणताय ना, ते बाईसाठी कमी आणि बाळंतपणासाठी जास्त आहेत, बाळ झालं की बाईला कोण विचारतं. सरकारचा कुटुंब आरोग्य सर्व्हे, एनएफएचएस ५ बघा, कुटुंबनियोजनात बायकांचं ऑपरेशन ३७.९ टक्के आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के! तुमच्या धोरणाचं पहिलं पान नसबंदीचं असेल तर मी आत्ता सही करते. तंबाखूचं पण तेच, त्याच सर्व्हेत पुरुष ३८ टक्के, बायका ९. मळायची चुना लावून आणि मग म्हणायचं सरकारने आमच्यासाठी काय केलं.

दिंडोरीतला_सीएचओ
ताई नसबंदीचं शंभर टक्के मान्य, मी उपकेंद्रात सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे, नवरा बाहेर उभा राहून बायकोला आत ढकलतो हे मी रोज बघतो. पण सातपूरवाल्यांचा मुद्दा वेगळा आहे. ३० वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर, तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आजही फुकट आहे, पुरुषांना नको असं कुठंच लिहिलेलं नाही, तरी माझं रजिस्टर उघडा, पानंच्या पानं बायका आणि साठीपुढचे आजोबा. कारण सोपं आहे, आशाताई फॉर्म भरायला दिवसा घरी जाते तेव्हा हा माणूस द्राक्षात असतो नाहीतर एमआयडीसीत, आणि तो घरी येतो तेव्हा उपकेंद्राला कुलूप. म्हणजे योजना आहे, टायमिंग चुकलंय. राज्याने २०२२ ला बायकांसाठी "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" केलं आणि पुढच्या वर्षी १८ वर्षांवरच्या पुरुषांसाठी "निरोगी आरोग्य तरुणाईचे" मोहीम काढली, चांगली होती, पण मोहीम म्हणजे मोहीमच, ती संपली की पुढच्या महिन्याच्या गोळ्या घ्यायला कोण येतो. राज्य सरकारचा तो "आपला दवाखाना" दुपारी २ ते रात्री १० ठेवायचं ज्याच्या डोक्यातून आलं त्याला माझा नमस्कार, मला धोरणात असल्या गोष्टी हव्यात.

ब्राझीलचं एक मला फार आवडतं. बायको गरोदरपणाच्या तपासणीला आली की त्याच वेळी नवऱ्याचीही बीपी, शुगर, एचआयव्ही तपासणी करून घेतात. आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते, नवरा बाइक घेऊन बाहेर मोबाइल बघत बसलेला असतोच, त्याला आत घ्यायला कुठला नवीन निधी लागतो सांगा.

निफाडचा_बागायतदार
शरीराचं झालं, मनाचं कोण बोलणार भो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या गेल्या, शंभरात ७२ पुरुष, आणि चौथ्या हिश्शाहून जास्त रोजंदारीवाले, आपण नुसतं शेतकरी शेतकरी करतो. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा. पण छाटणी झाल्यावर अवकाळीने माल गेलेला माणूस आपणहून नंबर फिरवत नाही, तो बोलतो फक्त औषधाच्या दुकानदाराशी, विकास सोसायटीच्या सचिवाशी नाहीतर अडत्याशी, कारण तिथंच उधारी असते. मग ट्रेनिंग ह्या लोकांना द्या ना, की समोरचा माणूस तुटायला आलाय हे कसं ओळखायचं आणि त्याला नंबर लावून कसा द्यायचा.

आयर्लंडमध्ये गुरांच्या बाजारात शेतकऱ्यांची हार्टची तपासणी करतात म्हणे. पिंपळगावला, लासलगावला लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टर लावून माणूस तास तास रिकामा बसतो, तिथं एक टेबल, एक बीपी मशीन एवढंच लागतं. ऑस्ट्रेलियात तर रिटायर लोकांसाठी सुतारकाम करत गप्पा मारायच्या शेड आहेत, म्हणजे आपला पारच, आणि त्याला सरकार पैसे देतं! आपल्याकडे पाराच्या जागी आता बिअर बार आलेत आणि त्यातून सरकारला महसूल येतो, त्यामुळे दारूबद्दल धोरणात चार ओळी तरी कडक येतील का ह्याची मला शंकाच आहे.

सातपूर_सेकंड_शिफ्ट
बागायतदार दादा, लिलावाच्या रांगेतलं टेबल भारी आहे. ताई, आयोगबियोग आपल्याला नकोय, तुमची सही राहू द्या. इकडे एक नवीन बघा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लेबर कोड म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात चाळिशीवरच्या कामगारांची वर्षातून एकदा फुकट तपासणी मालकाने करायची असं आहे. आमच्या एचआरला विचारलं तर म्हणतात बघू.

इंदिरानगरची_मी
सही ठेवली. पण चाळिशीवरच का? तुमच्या कॅम्पमधली १८० वाली पोरं तर त्याच्या आतली होती. आणि ठेकेदाराकडच्या पोरांना कोण मोजणार, दर थोड्या महिन्यांनी ठेकेदार बदलला की त्यांची फाइलच राहत नाही.

दिंडोरीतला_सीएचओ
बरोबर, म्हणून तपासणीची नोंद कंपनीकडे नको, माणसाच्या आभा नंबरवर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्यावर हवी, ठेकेदार बदलला तरी आकडा त्याच्याबरोबर जातो. सातपूरवाले, एचआर "बघू" म्हणत असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्याला युनियनच्या लेटरहेडवर पत्र द्या, ठेक्यावरच्यांसकट सगळ्यांची नावं टाका. आणि टेबल सकाळी नाइट शिफ्ट सुटते तेव्हा गेटवर लावा, दुपारी लावलं तर अर्धे लोक झोपलेले असतात. रात्री कँटीनला जेवलेल्याची शुगर फास्टिंग म्हणजे उपाशीपोटीची म्हणून लिहू नका, रँडम म्हणजे कधीही घेतलेली म्हणून लिहा.