हिरव्या केळीच्या पिठाची भाकरी आणि रक्तातील साखर: तपासणी नेमकी कशाची करावी?

प्रश्न: तापीकाठ (रावेर तालुका)

नमस्कार. आमची सहा एकर केळी आहे, निम्मी मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि निम्मी कांदेबाग (पावसाळ्यानंतरची). भाव पडला की व्यापारी घड नाकारतो आणि चांगला माल गुरांपुढे टाकावा लागतो. ते पाहवेना, म्हणून आमच्या बचत गटातील आठ जणींनी गेल्या उन्हाळ्यापासून हिरव्या केळीचे पीठ करायला घेतले आहे. हातांना तेल लावून केळी सोलतो, नाही तर चिकाने हात आठवडाभर काळे राहतात. वेफर्सच्या किसणीवर चकत्या पाडून त्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवतो आणि माझ्या दिरांनी पाइप व पॉलिथीन वापरून बांधलेल्या सौर वाळवणी बोगद्यात जाळ्यांवर पसरतो. वाळल्यावर घरघंटीवर दळतो आणि तीन भाग ज्वारीला एक भाग हे पीठ मिसळून भाकरी करतो.

ओळखीच्या अकरा मधुमेही व्यक्तींना हे मिश्रण दोन महिने दिले. त्यांतील नऊ जणांची उपाशीपोटीची साखर उतरली. त्यामुळे पाकिटावर ‘मधुमेहींसाठी उपयुक्त’ असे छापावे, असे गटाचे मत पडले. परंतु अभियांत्रिकीला असलेला माझा भाचा म्हणतो की याला संशोधन म्हणता येत नाही. मला खोटे काही छापायचे नाही. पिठाच्या कोणत्या तपासण्या कराव्यात, माणसांवरील परिणाम कसा मोजावा, आणि दुपारी बोगद्यात तापमान ६५ अंशांपर्यंत जाते त्याने काही बिघडते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १: अन्नतंत्रज्ञान शिकवणारा, जळगाव

ताई, आपला प्रश्न योग्य वेळी आला आहे, कारण पाकीट छापण्यापूर्वी तो विचारला गेला.

हिरव्या केळीच्या गराचे पाणी वगळता जे उरते, त्याचा ७० ते ८० टक्के भाग स्टार्च असतो. केळे पिकू लागले की याच स्टार्चची साखर होते आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यात तो जवळजवळ संपलेला असतो. कच्च्या केळीतील स्टार्चचे कण इतके घट्ट बांधलेले असतात की लहान आतड्यातील पाचकरसांना ते सहज फोडता येत नाहीत. असा स्टार्च न पचता मोठ्या आतड्यात जातो आणि तेथील जिवाणू त्यापासून ब्युटिरेटसारखी लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. हा शब्द १९८२ मध्ये एंग्लिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरात आणला, आणि कच्च्या केळीतील स्टार्च त्याच्या दुसऱ्या प्रकारात मोडतो. आपल्या पिठाविषयी जी आशा वाटते, तिचा शास्त्रीय आधार हा आहे आणि तो भक्कम आहे.

अडचण तव्यावर येते. या स्टार्चला पाण्यासह साधारण ७० अंशांच्या आसपास उष्णता मिळाली की कण फुगतात, त्यांची घट्ट रचना मोडते आणि तोच स्टार्च सहज पचू लागतो. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा यावा म्हणून आपण ते उकळत्या पाण्यात मळतो. तिथेच हे काम सुरू होते आणि तव्यावर, नंतर निखाऱ्यावर, बहुतांश पुरे होते. म्हणून पाकिटातील कोरड्या पिठाची तपासणी केली तर आकडा फार सुंदर येईल, परंतु तो आकडा ताटातल्या भाकरीचा नसेल. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची हीच गोष्ट वाटते: माणूस जे खातो त्याची तपासणी करावी. एकाच दिवशी पीठ, ताजी भाकरी आणि रात्रभर ठेवलेली शिळी भाकरी असे तीन नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. शिळ्या भाकरीचा आग्रह अशासाठी की शिजलेला स्टार्च गार झाल्यावर त्याचा काही भाग पुन्हा घट्ट रचना धरतो आणि परत न पचणारा होतो. आपल्याकडे सकाळी शिळी भाकरी आणि ताक खाण्याची रीत आहेच, त्यामुळे हा नमुना केवळ हौसेचा ठरणार नाही.

तपासणीसाठी एओएसी या आंतरराष्ट्रीय विश्लेषण संघटनेची २००२.०२ ही मान्य पद्धत आहे. तीत नमुना ३७ अंशांवर १६ तास पाचक विकरांबरोबर (एन्झाइम) ठेवून न पचलेला स्टार्च मोजतात. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे जाताना या पद्धतीचे नाव घेऊनच विचारावे. नुसते ‘कर्बोदके’ तपासून आणले तर पैसे वाया जातील. केळीवरील मार्गदर्शनासाठी तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे. केळीच्या पिठावरही तेथे काम झाले आहे.

आणखी एक काळजी घ्यावी. व्यापाऱ्याने नाकारलेला घड दोन-तीन दिवस पडून राहिला, तर साल हिरवी दिसत असतानाही आत साखर होऊ लागलेली असते. पिठाच्या प्रत्येक घाण्याच्या नोंदीत घड कधी कापला आणि चकत्या कधी पाडल्या, या दोन वेळा लिहून ठेवल्या नाहीत, तर पुढे एका घाण्याचा आकडा दुसऱ्याला लागू पडणार नाही. हेच पीठ न शिजवता ताकात कालवून घेण्याचा विचार कोणी मांडेल आणि रेझिस्टंट स्टार्च टिकवायला तो उपाय चांगलाही आहे, परंतु कच्चे पीठ खायचे तर त्याची सूक्ष्मजीव तपासणी आधी झालीच पाहिजे.

उत्तर २: यंत्र अभियंता, भुसावळ

ताईंच्या ६५ अंशांच्या प्रश्नापुरते लिहितो.

तापमान कोणत्या टप्प्यावर चढते, यावर सगळे अवलंबून आहे. चकती ओली असते तोवर तिच्यातील पाणी उडत असल्यामुळे ती स्वतः हवेपेक्षा बरीच गार राहते. पण हवा कोंडली आणि बाष्प बाहेर पडले नाही तर हे संरक्षण जाते आणि ओली चकती अक्षरशः वाफेवर शिजते. उलट चकती जवळजवळ कोरडी झाल्यावर हवा ६० अंशांवर गेली तरी स्टार्चला फुगायला पाणीच उरलेले नसते. म्हणून पहिले तीन-चार तास हवा ५० ते ५५ अंशांच्या आत ठेवावी आणि पंखा जोरात चालवावा. बोगद्याच्या छताला टांगलेल्या तापमापकावर विसंबून न राहता थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या तारेची) बारीक तार एका चकतीतच खोचून आकडा घ्यावा. बोगद्याच्या तोंडाजवळची आणि शेवटच्या टोकाची अशा दोन चकत्यांत पंधरा अंशांचा फरक निघाला तरी मला आश्चर्य वाटणार नाही.

आता क्षमतेचा हिशेब. १०० किलो सालीसकट केळी घेतली तर सुमारे ६० किलो गर निघतो. त्यात ७० टक्के पाणी धरले तर १८ किलो कोरडा भाग उरतो आणि ८ टक्के ओलाव्याचे पीठ जेमतेम साडेएकोणीस किलो होते. म्हणजे सुमारे ४० किलो पाणी उडवायचे आहे. एक किलो पाण्याला अंदाजे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, त्यामुळे एकूण ९७ मेगाज्यूल, म्हणजे २७ युनिट. उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी दर चौरस मीटरवर सुमारे ६ युनिट ऊन पडते. साध्या बोगद्यात त्यातील चौथा भाग जरी कामी आला, तरी एका दिवसात १०० किलो केळी वाळवायला १८ चौरस मीटर जागा हवी. आपला बोगदा याहून लहान असेल तर घाणा लहान करावा. ओल्या चकत्या रात्रभर आत राहिल्या तर बुरशी धरते.

चकत्या तीन-चार मिलिमीटरच्याच असाव्यात. जाड चकतीचा वरचा थर आधी कडक होतो, आतले पाणी अडकते, आणि दळताना ते पीठ घरघंटीच्या जाळीला चिकटते. तेवढ्यावरूनही चूक ओळखता येते. चकत्या उकळत्या पाण्यातून काढायचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नये. रंग छान राहतो, पण ज्या स्टार्चसाठी हा सारा खटाटोप आहे तोच तिथे शिजतो. आपले लिंबूसत्त्वाचे पाणी बरोबर आहे.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की वाळवणीला यापेक्षा चांगला काळ नाही. पावसाळ्यात मात्र हा बोगदा एकट्याने चालणार नाही, हे गटातील सर्वांना आताच सांगून ठेवावे.

उत्तर ३: डॉक्टर, नंदुरबार

ताईंनी अकरा जणांचे आकडे प्रामाणिकपणे दिले, त्याबद्दल आदर वाटतो. त्यांचा अर्थ मात्र सांभाळून लावावा लागेल.

साखर वाढलेली निघते तेव्हाच माणूस काळजीत पडून नवा उपाय सुरू करतो. साखर रोज थोडी खालीवर होतच असते, त्यामुळे वर गेलेल्या दिवशी सुरुवात केली की पुढची मोजणी बहुधा खालीच येते, मग पीठ कोणतेही असो. शिवाय त्या दोन महिन्यांत या मंडळींनी चहातली साखर सोडली असेल, गोळ्या वेळेवर घेतल्या असतील, आपण विचारपूस करतो म्हणून चालायलाही गेली असतील. यातले काय कामी आले, हे तुलना नसेल तर कळत नाही. म्हणून तीच व्यक्ती एका दिवशी साध्या ज्वारीची भाकरी आणि काही दिवसांनी मिश्र भाकरी खाईल, आणि आधी कोणती खायची हे चिठ्ठी टाकून ठरेल, अशी रचना करावी. प्रत्येक जण स्वतःशीच ताडला जात असल्यामुळे थोड्या माणसांतही काही हाती लागते.

ग्लायसेमिक इंडेक्स (एखादे अन्न रक्तातील साखर किती चढवते याचा निर्देशांक) मोजण्याची आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे: किमान दहा निरोगी व्यक्ती, रात्रभर उपास, ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके असलेले अन्न, आणि बोटातून रक्त घेऊन दोन तासांपर्यंत ठरावीक अंतराने साखरेची नोंद. मी यात एक भर सुचवीन. घरात कोणी ५० ग्रॅम कर्बोदके मोजून जेवत नाही, दोन भाकऱ्या जेवतो. तेव्हा सारख्या वजनाच्या दोन भाकऱ्यांची तुलनाही करावी, कारण आपल्या ग्राहकाला तेच हवे आहे.

हे काम वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या मदतीनेच करावे. बोटाला सुई टोचायची असली तरी माणसांवरील अभ्यासाला नैतिकता समितीची परवानगी आणि सहभागी व्यक्तीची लेखी संमती लागते; आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याविषयी स्पष्ट आहेत. पहिली व्यक्ती सहभागी होण्यापूर्वी अभ्यासाची सीटीआरआयकडे (माणसांवरील चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी करावी. नंतर केलेली नोंदणी १ एप्रिल २०१८ पासून तेथे स्वीकारली जात नाही, आणि ते योग्यच आहे. काय मोजणार हे आधी जाहीर केले की नंतर सोयीचा आकडा निवडता येत नाही.

आमच्या जिल्ह्याच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सातपुड्याच्या भागात भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल या लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आणि रुग्ण बरेच आढळतात. एचबीएवनसी ही गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात या गृहीतावर उभी आहे. सिकलसेलच्या रुग्णात त्या फार लवकर नष्ट होतात, त्यामुळे साखर वाढलेली असूनही हा आकडा कमी दिसतो. वाहकांतही तो थोडा कमी निघू शकतो. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा फरक सुमारे ०.३ टक्के अंकांचा होता. म्हणून खान्देशात असा अभ्यास करणाऱ्याने सिकलसेलची तपासणी आधी करून घ्यावी, नाही तर आजाराने उतरलेला आकडा केळीच्या नावावर जमा होईल.

ज्यांच्या मूत्रपिंडावर मधुमेहाचा परिणाम झालेला आहे, त्यांना हे पीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. १०० ग्रॅम ताज्या केळ्यात सुमारे ३६० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. पाणी उडाल्यावर तेवढ्याच वजनाच्या पिठात ते तिपटीहून अधिक होते. कोणाला पोटफुगी झाली तर प्रमाण कमी करावे. गोळ्या मात्र कोणीही स्वतःहून बंद करू नयेत.

पाकिटावरील मजकुराबाबत कायदा स्पष्ट आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार अन्न रोग बरा करते किंवा टाळते असे छापता येत नाही, आणि १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याच्या यादीत मधुमेहाचे नाव आहेच.

तापीकाठ (रावेर तालुका)

तिन्ही सरांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून काल घाणा केला तेव्हा दिरांनी चकतीत तार खोचून पाहिली. दुपारी एक वाजता तोंडाजवळच्या जाळीवर ४८ आणि शेवटच्या टोकाला ६३ अंश निघाले, आणि त्या टोकाच्या चकत्या तेव्हा ओल्याच होत्या. बोटाने दाबल्यावर त्या काचेसारख्या पारदर्शक दिसत होत्या, तोंडाजवळच्या मात्र पांढऱ्याशुभ्र. इतके दिवस आम्ही त्या एकत्रच दळत होतो. आता शेवटच्या टोकाला दुसरा पंखा बसवत आहोत.

पाकिटावर ‘हिरव्या केळीचे पीठ’, घटक आणि तारीख एवढेच छापायचे, असे काल गटात ठरले. पीठ, ताजी भाकरी आणि शिळी भाकरी हे तीन नमुने पुढच्या घाण्याचे पाठवू. ज्यांना पीठ दिले त्या अकरा जणांतील एक काका मूत्रपिंडाचे औषध घेतात, हे मला आज विचारल्यावर कळले. त्यांचे पीठ थांबवले आहे आणि त्यांना डॉक्टरांकडे पाठवले आहे.

एक शंका उरली. आमच्या गटातील एक ताई सिकलसेलची वाहक आहे आणि तिला या अभ्यासात भाग घ्यायची फार इच्छा आहे. तिला वगळावे लागेल का?

डॉक्टर, नंदुरबार

वगळायची गरज नाही. भाकरी खाल्ल्यानंतर दोन तासांतील साखर थेट मोजायची असल्याने लाल पेशींच्या आयुष्याचा तिथे संबंध येत नाही. फक्त तिचे हिमोग्लोबिन आधी पाहून घ्या; रक्त फार कमी असेल तर बोटावरचे ग्लुकोमीटर साखर खरी आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकते, आणि हे तिच्याइतकेच गटातील इतर सर्व भगिनींनाही लागू आहे.