शंका कुठवर घ्यायची?

अज्ञेय:
'हे मला नक्की माहीत आहे' असं म्हणायचा हक्क माणसाला नाही, असं माझं मत आहे. कारण सांगतो.

१८४६ साली ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने युरेनसच्या कक्षेतल्या गडबडीवरून एका अज्ञात ग्रहाची जागा कागदावर काढली. बर्लिनमध्ये गाले या खगोलशास्त्रज्ञाने दुर्बीण तिकडे वळवली आणि एका अंशाच्या आतच नेपच्यून सापडला. १८५९ मध्ये बुधाची कक्षा हिशेबात बसेना, तेव्हा याच ल व्हेरिएने तीच वाट धरली: सूर्याजवळ आणखी काहीतरी फिरत असणार. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळालं. एका हौशी निरीक्षकाने तो सूर्यबिंबावरून सरकताना पाहिल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात असा ग्रहच नाही. बुधाच्या कक्षेतला तो शतकाला सुमारे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक १९१५ मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाची कल्पनाच बदलून सोडवला.

माणूस तोच, रीत तीच. मग आज आपल्याला जे पक्कं वाटतं ते नेपच्यून की व्हल्कन, हे ठरवायचं कशावरून? चार्वाकांची अनुमानावरची हरकत हीच होती: 'धूर तिथे अग्नी' ही व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींची कायमची जोडी, सर्व काळी, सर्व ठिकाणी कोणी तपासून पाहिली आहे? अठराव्या शतकात ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानेही तेच विचारलं. मला पटेल असं उत्तर कुणी दिलेलं नाही.

सप्रमाण:
उदाहरण उत्तम, निष्कर्ष साफ अमान्य. 'असा ग्रहच नाही' हे तुम्ही किती ठामपणे लिहिलंत! ते कळलं कसं? खग्रास ग्रहणांत शोधूनही तो सापडला नाही आणि पुढे त्याची गरजच उरली नाही, म्हणून. म्हणजे चूक पकडायलाही ज्ञानच लागलं. सगळंच संशयास्पद धरलं तर व्हल्कनला चूक म्हणायचीही सोय राहत नाही.

चार्वाकांना उत्तर मिळालेलं आहे. दहाव्या शतकात उदयनाचार्य या न्यायदर्शनाच्या पंडितांनी शंकेला हद्द घालून दिली: 'व्याघातावधिराशङ्का'. स्वतःच्याच वागण्याला छेद जाईल तिथे शंका थांबते. धूर हवा म्हणून विस्तव पेटवणारा माणूस विस्तवाने धूर होतो का, अशी शंका घेऊ शकत नाही. तुम्हीही समोरच्याला कळेल असं धरूनच लिहिलंत ना?

अज्ञेय:
त्याच श्लोकातले मोजके शब्द फिरवून बाराव्या शतकात श्रीहर्ष या वेदान्ती पंडिताने तो उदयनांवरच उलटवला. छेद जातो म्हणता, तर तो छेद देणारी शंका आहेच की! आणि वागायला विश्वास पुरतो, ज्ञान लागत नाही. पृथ्वी मध्यभागी धरूनही टॉलेमीच्या गणिताने ग्रहणं वर्तवता येत होती.

वाटसरू:
हा वाद मला निरुपद्रवी वाटत नाही. अमेरिकेतल्या एका सिगारेट कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात शंका हाच आपला माल असल्याचं लिहिलं होतं. धूम्रपानाने कर्करोग होतो हे खोटं पाडायची गरजच नव्हती. 'अजून खात्री नाही' एवढं लोकांच्या मनात राहिलं की पुरे. अज्ञेय, तुमच्या भूमिकेत याला काय उत्तर आहे? माणसं मेली आहेत यात.

अज्ञेय:
प्रश्न रास्त आहे. पण ती शंका एकतर्फी होती. सिगारेट निर्धोक आहे या दाव्याला त्यांनी कधी तीच कसोटी लावली नाही. खरा संशयवादी दोन्ही पारड्यांवर सारखीच शंका घेतो, स्वतःच्या मतावर तर आधी. व्हल्कन मी सांगितला तो यासाठीच: आपल्या बाजूने येणाऱ्या पुराव्यापाशी माणूस लवकर थांबतो.

सप्रमाण:
दोन्ही पारड्यांवर सारखीच शंका, तर पाकिटावर इशारा छापायचा की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार? एका बाजूचा पुरावा जड आहे असं म्हणालात की प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, मानलंत. नाही म्हणालात तर त्या कंपनीला हवं होतं तेच झालं. यातलं तुम्हाला काय मान्य आहे, तेवढं सांगा.