टाकीजवळचा इंग्रजी फलक (सोसायटी ग्रुप, रत्नागिरी)

ब-१०४: नमस्कार. टाकीजवळच्या फलकावर ‘देअर इज अ लिटल वॉटर’ असे लिहिले आहे. ‘लिटल’च्या आधी ‘अ’ आला की थोडे तरी पाणी आहे, भागेल, असा अर्थ होतो. सुट्टीसाठी परराज्यांतून आलेल्या पाहुण्यांनी तो तसाच घेतला असावा, कारण काल सकाळी साडेनऊलाच टाकी रिकामी झाली. कृपया तो ‘अ’ काढावा, म्हणजे पाणी जवळजवळ नाहीच, हे कळेल.

सचिव: बाई, टँकरची वाट पाहत रात्री अकरा वाजता मी तो फलक लिहिला. तेव्हा मदतीला कोणीही खाली आले नव्हते.

अ-२०३: फलक मराठीत का नाही?

क-३०१: सचिवभाऊ, राग मानू नका, पण फाटकावरही ‘लेस व्हेइकल्स’ असे आहे. गाड्या मोजता येतात. तेथे ‘फ्युअर’ हवे.

क-१०२: ‘लेस’ला इतके चूक ठरवू नये. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘लेस’ लावण्याची रीत इंग्रजीत फार जुनी आहे. इंग्रजी भाषेवर पुस्तक लिहिणारे रॉबर्ट बेकर यांनी १७७० मध्ये ‘फ्युअर’ आपल्याला अधिक बरे वाटते एवढेच म्हटले होते, त्याचा पुढे नियम झाला.

ब-१०४: काका, ते खरे आहे, तरी जाहीर सूचनेत ‘फ्युअर’च शोभते. पैसे, वेळ आणि अंतर यांना मात्र आकडा असूनही ‘लेस दॅन ५०० रुपीज’ असेच म्हणतात.

अ-२०३: पुन्हा विचारतो, फलक मराठीत का नाही?

सचिव: मराठीत एका ‘थोडे’वर आमचे सगळे भागते. इंग्रजीला एवढे शब्द कशाला लागतात?

ब-१०४: अडचण तेथेच आहे, सचिवभाऊ. आपण थोडे आंबे म्हणतो आणि थोडे पाणीही म्हणतो. ‘किती’सुद्धा दोघांना चालते. इंग्रजीत आंब्यांना ‘मेनी’ आणि ‘फ्यू’, तर पाण्याला ‘मच’ आणि ‘लिटल’. त्यातही तांदूळ, पोहे, केस हे आपल्याकडे अनेकवचनी, म्हणून मुले सरळ ‘मेनी राइस’ लिहितात, कारण राइस इंग्रजीत मोजायचा नसतो हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. वर्गात मी ही चूक वर्षानुवर्षे तपासली आणि गुण कापताना प्रत्येक वेळी वाईट वाटले.

क-३०१: मग सगळीकडे ‘अ लॉट ऑफ’ लिहिले तर?

ब-१०४: दोन्हींकडे चालेल, पण ते पुष्कळ असल्याचे सांगते. आपल्याला टंचाई सांगायची आहे.

सचिव: फलक उतरवला आहे. ‘व्हेरी लिटल वॉटर’ असे लिहितो. बाई, लावण्यापूर्वी एकदा पाहून द्या.

अ-२०३: आणि मराठी?

सचिव: वरची ओळ मराठीच असेल.