बाबा वॉरफेरिनवर आहेत, गुडघ्यासाठी चायनीज काढा द्यावा का? (सिंगापूर)

क्लेमेंटीकर: नमस्कार मंडळी, आईबाबा पुण्याहून आलेत आमच्याकडे. बाबांच्या हृदयाची झडप बदललेली आहे म्हणून रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन कायमचं चालू. गुडघे खूप दुखतात आणि पेनकिलर त्यांना चालत नाहीत, तर शेजारच्या चिनी आंटी म्हणतायत आमच्या फिजिशियनकडे चला, नाडी बघतो जीभ बघतो आणि काढा देतो, त्यांचे स्वतःचे गुडघे त्यानेच बरे झाले म्हणे. त्या इतक्या मनापासून मागे लागल्यात की नाही म्हणवत नाहीये, आणि बाबांनाही जायचंय. कोणाला अनुभव आहे का, न्यावं का?

गोळीवाला: मी इथेच हॉस्पिटल फार्मसीत आहे म्हणून स्पष्ट लिहितो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात काहीही देऊ नका. दुखण्याच्या चिनी काढ्यांमध्ये दानशेन आणि दांगगुई ही मुळं अगदी नेहमी असतात, रक्त खेळतं राहावं म्हणून घालतात, आणि ही दोन्ही वॉरफेरिनचा परिणाम वाढवतात, म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) एकदम चढतो आणि आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. जिनसेंगने उलट परिणाम कमी झाल्याचीही नोंद आहे, आणि झडप असलेल्या माणसाला तेही तितकंच वाईट, गुठळी व्हायची भीती. गोजी बेरी म्हणजे आंटी सूपमध्ये टाकतात ती लाल मनुकांसारखी फळं, त्यांचा चहा रोज पिऊन आयएनआर वाढल्याच्या केसेस आहेत. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, दुखऱ्या जागी लावायच्या पट्ट्या आणि तेलं यांच्यात बरेचदा मिथाइल सॅलिसिलेट नावाचं वेदनाशामक द्रव्य असतं, ते त्वचेतून आत जातं, रोज भरपूर लावलं तर तेसुद्धा वॉरफेरिनचा परिणाम वाढवतं.

सडेतोड: अहो कशाला त्या भानगडीत पडता, झाडपाला उकळून बरं वाटतं हा सगळा मनाचा खेळ आहे.

कॅन्टनची_काकू: सडेतोड, असं सरसकट म्हणू नका हो. आपल्याकडे आज फाल्सिपेरम मलेरियाला जी आर्टेमिसिनिनवाली औषधं देतात ती चिंगहाव नावाच्या चिनी वनस्पतीतून आली. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांसाठी चीनने मलेरियावर संशोधन सुरू केलं, त्यात तू योयो या बाई होत्या. त्यांचा अर्क कधी लागू पडायचा कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या को होंग याच्या पोथीत त्यांना सापडलं की चिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळायला सांगितलेलंच नाही! म्हणजे उष्णतेने गुण जात असणार, असं धरून त्यांनी १९७१ मध्ये कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो चालला. २०१५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना त्यासाठीच मिळाला.

मी बरीच वर्षं ग्वांगजोमध्ये राहिले, ती दुकानं बघण्यासारखी असतात. भिंतभर लाकडी ड्रॉवर, दुकानदार दांडीच्या छोट्या तराजूने एकेक मूळ तोलून कागदावर सगळ्या पुड्यांचे सारखे ढीग घालतो. घरी मातीच्या भांड्यात अर्धा तास भिजवायचं, उकळी आली की मंद आचेवर ठेवायचं, गाळायचं, त्याच चोथ्यात परत पाणी घालून दुसरा काढा काढायचा आणि दोन्ही एकत्र करायचे. लोखंडाचं भांडं अजिबात नाही, पुदिन्यासारखं सुगंधी काही असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत. इतकी शिस्त असते म्हणूनच मला ते हलकं वाटत नाही. पण गोळीवाल्यांचं खरंच ऐका हो, ज्यात गुण आहे ते दुसऱ्या औषधाच्या आड येणारच ना.

वैद्य_सातारा: काकूंशी सहमत. त्यांच्या कितीतरी काढ्यांत ज्येष्ठमध असतो, तो जास्त दिवस घेतला की बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, आपल्याकडेही हेच सांगतो आम्ही. त्यांचं फूझी म्हणजे आपल्या बचनागाच्याच जातीचं मूळ, शुद्ध केलेलं आणि खूप वेळ उकळलेलं नसेल तर हृदयाचे ठोके बिघडवतं, बाबांसारख्या पेशंटला तर नकोच. आणि सुट्टं औषध अनोळखी ठिकाणाहून घेऊ नका. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमाराला वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळाच्या जागी सारख्या नावाचं भलतंच मूळ गेलं, त्यातल्या अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाने शंभरच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं बिघडली, त्यातल्या बऱ्याच जणींची तर पार निकामी झाली. सिंगापूरमध्ये चिनी वैद्यांची सरकारी नोंदणी असते, तेवढं तरी बघून घ्या.

क्लेमेंटीकर: सगळ्यांचे मनापासून आभार. आंटींकडून त्यांच्या काढ्याच्या पाकिटाचा फोटो मागवला, त्यात दानशेन आणि दांगगुई दोन्ही आहेत! आंटींना नीट समजावून सांगितलं, त्याच म्हणाल्या मग काढा नकोच. बाबा बॅगेत तसल्याच पट्ट्या घेऊन आलेत, त्या काढून ठेवल्या. फक्त सुयांचं विचारायचं होतं, अ‍ॅक्युपंक्चर चालतं का वॉरफेरिनवर?

गोळीवाला: आयएनआर ठरलेल्या मर्यादेत असेल तर बारीक सुया बरेचदा चालतात, पण आधी कार्डिओलॉजिस्टना विचारा आणि सुया लावणाऱ्याला वॉरफेरिनचं पहिल्याच वाक्यात सांगा. पेले लावणं (कपिंग, म्हणजे त्वचेवर पेला चिकटवून ओढ देणं) आणि जोरात रगडून मालिश मात्र नको, मोठाले काळेनिळे डाग पडतात. शेवटचा आयएनआर कधी केला होता त्यांचा?

क्लेमेंटीकर: निघायच्या आधी पुण्यात केला होता, आता सोमवारी इथे पॉलिक्लिनिकमध्ये करून घेते आणि मगच सुयांचं बघते.